सर्वांत खालचा स्वर

प्रश्न : जॅझ ऐकताना लक्ष ट्रम्पेट, सॅक्सोफोन किंवा पियानोकडे जाते, डबल बास हे सर्वांत खालच्या स्वरांचे मोठे तंतुवाद्य मात्र मुद्दाम कान दिल्याशिवाय जाणवतही नाही. अशा वाद्यावर एखाद्याची आयुष्यभराची कारकीर्द उभी राहू शकते का?

उत्तर : राहू शकते, आणि याचा ठळक दाखला म्हणजे बासवादक रॉन कार्टर. १९३७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात जन्मलेले कार्टर दहाव्या वर्षापासून चेलो वाजवत होते. डेट्रॉइटच्या शाळेत वादनाच्या संधी गोऱ्या विद्यार्थ्यांकडे जातात हे ध्यानात आल्यावर ते डबल बासकडे वळले. पुढे रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात शिकत असताना, विख्यात वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी त्यांचे वादन वाखाणले, पण वाद्यवृंदात कृष्णवर्णीय वादक स्वीकारला जाणार नाही असेही सांगितले, ही आठवण कार्टर यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. ती वाचताना आजही मन विषण्ण होते. १९५९ साली पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि १९६३ ते १९६८ या काळात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, वाजवत होते.

बासवादकाचे काम समजून घेतले की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. जॅझमध्ये तो बहुधा बोटांनी तार छेडत चार मात्रांच्या आवर्तनातील प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवत जातो, त्यामुळे लय त्याच्याही हाती असते. शिवाय पियानोवर तोच स्वरसमूह वाजत असताना बासने खालचा स्वर बदलला, तर त्या समूहाचा अर्थच पालटतो. तंबोऱ्याचा आधार अचल असतो, हा आधार मात्र सतत चालत राहतो. कार्टर यांचा हा आधार इतका पक्का होता की हर्बी हॅनकॉक यांचा पियानो आणि अवघ्या १७व्या वर्षी पंचकात आलेल्या टोनी विल्यम्स यांचे ड्रम्स ठरीव वाट सोडून निर्धास्तपणे भटकू शकत.

असा माणूस प्रत्येकाला आपल्याजवळ हवा असतो. म्हणूनच बासवादकाची कारकीर्द प्रामुख्याने इतरांच्या बोलावण्यांवर उभी राहते, आणि कार्टर यांना ती किती आली हे २०१५ साली गिनीज बुकने नोंदवलेल्या २,२२१ ध्वनिमुद्रणांच्या आकड्यावरून कळते. स्वतःच्या नावाचे वादकसंचही त्यांनी काढले आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केले. डेव्हिस यांच्या फेब्रुवारी १९६४ मधील न्यूयॉर्कच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आपण मिळवावे आणि एकदा ट्रम्पेट बाजूला ठेवून, केवळ सर्वांत खालचा स्वर धरून ते शेवटपर्यंत ऐकावे.