'ड्राय' म्हणजे नेमकं काय नाही?

पंचवटी, नाशिक

प्रिय पोरी,

तू इंग्रजीतून मराठीत केलेल्या भाषांतराची सगळी पानं वाचली. वाक्यं सरळ आहेत, उगाच संस्कृत ओतलेलं नाही, बरं वाटलं. तक्रार एकाच शब्दाची आहे. वाइनरीचं माहितीपत्रक, पंपाची पुस्तिका, सीएनसी मशीनच्या (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या) सूचना आणि ती मुलाखत, या चारही कामांत जिथे 'ड्राय' आला तिथे तू 'कोरडा' बसवून पुढे गेली आहेस. चार ठिकाणी तो शब्द चार वेगळ्या गोष्टी सांगतोय आणि यातल्या एकाही ठिकाणी 'कोरडा' चालत नाही.

अवघड इंग्रजी शब्द आपल्याला फारसे फसवत नाहीत, कारण ते दिसले की आपण कोश उघडतो. 'ड्राय' शाळेत पाठ झालेला असतो, त्यामुळे त्याच्यासाठी कोण उठून कपाटापर्यंत जाणार? म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. 'ड्राय' दिसला की त्याचा अर्थ काय, असं विचारायचंच नाही. इथे काय नाही, असं विचारायचं. प्रत्येक धंद्यात एखादी गोष्ट असणं धरून चाललेलं असतं, आणि ती नसली की इंग्रजी बोलणारा 'ड्राय' म्हणून मोकळा होतो. टोस्टला लोणी नाही, तो ड्राय टोस्ट. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल नाही, तो ड्राय टाइप. आपल्या सुरगाण्याची हद्द ओलांडली की दारूविक्रीला बंदी, म्हणून गुजरात ड्राय स्टेट, मग डांगात पाऊस कितीही कोसळो.

आता वाइन. तिथे नसते ती साखर. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खात जातं आणि तिचा अल्कोहोल होत जातो. हे जवळजवळ शेवटापर्यंत होऊ दिलं की वाइन ड्राय झाली. गोड हवी असेल तर टाकी थंड करून फर्मेंटेशन मध्येच थांबवतात, किंवा घड वेलीवर जास्त दिवस ठेवून मुळातच जास्त साखरेचा रस घेतात. युरोपीय नियमांत साध्या वाइनला ड्राय म्हणायला साखर सर्वसाधारणपणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत लागते, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत सूट आहे. 'कोरडी वाइन' असं छापलंस तर गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत रविवारी आलेला माणूस पेल्यात भुकटी शोधेल. 'अगोड' हा आपला जुना शब्द आहे, तो वापर. पहिल्यांदा येईल तिथे 'ड्राय, म्हणजे अगोड' असं लिही आणि पुढे खुशाल 'ड्राय' ठेव. टेस्टिंग रूममध्ये बोलतात तोच शब्द कागदावर दिसला पाहिजे.

तिथेच आणखी एक घोटाळा आहे, आणि तो तुझ्या मूळ इंग्रजी मजकुरातच आहे. शिराझ या रेड वाइनबद्दल लिहिताना 'तोंड ड्राय करणारी' असं म्हटलंय. हा साखरेचा संबंध नव्हे. हे टॅनिनचं काम, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणाऱ्या. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतं आणि जीभ खरखरीत होते. यासाठी आपल्याकडे 'तुरट' आहे. सुपारी, आवळा, जांभूळ खाऊन वाढलेल्या माणसाला तुरट समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे एका पानावर एकच इंग्रजी शब्द दोनदा, आणि मराठीत एकदा 'अगोड', एकदा 'तुरट'. शनिन ब्लां या व्हाइट वाइनच्या परिच्छेदात 'फ्रूटी बट ड्राय' आहे, तिथेही सांभाळ. वास पेरू-अननसाचा आला की लोक चव गोडच धरतात. 'फळांचा वास, पण चवीला गोड नाही' असं धडधडीत लिही.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनवर आलीस की मात्र सगळं उलटं होतं. तिथे 'ड्राय' लिहिलेली बाटली चक्क गोडसर असते. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमच्या आत साखर, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७ आणि नुसती ड्राय १७ ते ३२. एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड, हे वाचून तुला छपाईची चूक वाटेल, पण तसं नाही. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन फारच गोड पीत असत. त्या मानाने जी कमी गोड ती ड्राय ठरली. पुढे लोकांची जीभ बदलली, आणखी अगोड वाइन निघाल्या, त्यांना नवी नावं द्यावी लागली आणि जुनं नाव होतं तिथेच राहिलं. त्यामुळे स्पार्कलिंगच्या बाबतीत 'ड्राय'चं भाषांतर करू नकोस. वाइनरीकडून प्रत्येक बाटलीचा साखरेचा आकडा मागून घे आणि तोच छाप.

माहितीपत्रकाच्या शेवटी 'ड्राय डेला बंद' अशी ओळ आहे. तो तसाच ठेव, महाराष्ट्रात हा शब्द सगळ्यांना कळतो. २ ऑक्टोबर असो की मतदान संपण्याआधीचे ४८ तास. 'कोरडा दिवस' मात्र चुकूनही करू नकोस, कारण तो शब्द पावसाळ्यात आरोग्य खात्याने आधीच घेतलेला आहे. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणजे टाक्या, पिंप, कूलर, फुलदाण्या रिकाम्या करून पुसून घ्या, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होऊ देऊ नका. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं गणित. एकाच शब्दाच्या दोन भाषांतल्या दोन जोड्या, एकीत दारूचं दुकान बंद आणि दुसरीत पाण्याचं पिंप पालथं.

आता पंप आणि सीएनसी. इथे तू जे केलंस त्याने पैशांचं नुकसान होऊ शकतं, म्हणून जरा खोलात सांगतो. दोन्ही पुस्तिकांत 'ड्राय रन' आहे आणि दोन्हीकडे तू 'कोरडी धाव' लिहिलंयस. (हे तुझं नाही, मोबाइलमधल्या भाषांतराचं आहे, मला ओळखू येतं.) निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला ड्राय रन म्हणजे संकट. विहिरीतलं किंवा बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटर तशीच फिरत राहिली. पंपाला पाणी नुसतं वर चढवायचं नसतं, त्याच पाण्यावर सील आणि बेअरिंग थंड राहतात, सबमर्सिबलची तर अख्खी मोटर. पाणी नसलं की सील जातो, पाठोपाठ वाइंडिंग जळतं. पुस्तिकेत ही इशाऱ्याची ओळ आहे. तिथे 'पाणी नसताना मोटर चालू देऊ नका' इतकंच हवं. त्या उपकरणाचं नाव मात्र 'ड्राय रन प्रिव्हेंटर'च ठेव, दुकानात जाऊन माणूस तेच मागणार.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात हाच ड्राय रन करायलाच सांगतात. नवा प्रोग्राम लोड केला की ऑपरेटर जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) न लावता, किंवा कापणारं टूल जॉबपासून वर ठेवून, प्रोग्राम एकदा चालवून बघतो. टूल कुठे आदळत नाही ना, हे आधी कळावं म्हणून. पॅनेलवर त्याचं वेगळं बटणही असतं. इथे नसतो तो प्रत्यक्ष कटिंगचा भाग. 'जॉब न लावता प्रोग्राम चालवून पाहा' असं लिही आणि बटणाचं नाव पॅनेलवर आहे तसंच दे. जानेवारी २०२१ मध्ये करोना लसीकरणाचा देशभर ड्राय रन झाला तोही याच जातीचा. नोंदणी, रांग, निरीक्षण सगळं खरं, फक्त लस नाही. तिथे 'रंगीत तालीम' छान बसतं. मशीनला नाही बसत, मशीनला कसली आलीय तालीम.

त्याच पुस्तिकेत 'ड्राय मशीनिंग' आहे. तिथे नाही ते कूलंट, म्हणजे कापताना टूल थंड ठेवणारं द्रव. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावरचं 'ड्राय सोल्डर' अजिबात हलवू नकोस. टाक्याला कथील नीट धरलेलं नसतं, वरून जोडल्यासारखं दिसतं आणि हलवलं की संपर्क तुटतो. टीव्ही दुरुस्त करणारापासून कारखान्यातल्या मुलीपर्यंत सगळे ड्राय सोल्डरच म्हणतात. धंद्यातल्या माणसांनी शब्द पचवला असेल तर आपण शुद्धीकरणाला निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'काय नाही' हा प्रश्न दर वेळी पुरतो असं नाही. घंटागाडीवरचा सुका कचरा घे. पावसात भिजलेली दुधाची पिशवी सुक्या कचऱ्यात जाते आणि कांद्याची कुरकुरीत वाळलेली टरफलं ओल्या कचऱ्यात. तिथे ओलाव्याचा प्रश्नच नाही, कुजतं की नाही एवढंच बघायचं. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा द्रावकात चांगला भिजतो, फक्त पाण्यात नाही. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. तो वितळत नाही, सरळ वायू होतो, म्हणून मागे ओल राहत नाही. अशा शब्दांवर वेळ घालवू नकोस, ते आहेत तसे चालू दे.

वेळ घालव तो आपल्या बाजूच्या शब्दांवर, कारण इंग्रजीला जिथे एका 'ड्राय'वर भागवावं लागतं तिथे शेतीच्या भाषेने आपल्याला वेगळाले शब्द देऊन ठेवलेत. हवामानाच्या बातमीतला 'ड्राय स्पेल' म्हणजे पावसातला खंड. 'खंड पडलाय' एवढं म्हटलं की सोयाबीन लावलेल्या माणसाचा चेहरा बदलतो. 'कोरड्या हवामानाचा कालावधी' वाचून कोणाचं काही बदलत नाही. 'ड्राय फार्मिंग' कोरडवाहू. नदी आटते, विहीर आटते, गायही आटते. 'ड्राय काऊ' मात्र जपून. विण्याआधी साधारण दोन महिने गाय मुद्दाम आटवतात, ती गाभण असते, तिची जास्त काळजी घ्यायची असते. तिला नुसतं 'भाकड' लिहिलंस तर वाचणारा बाजार दाखवायची गाय समजेल. 'आटवलेली गाभण गाय' लिही, किंवा त्या दिवसांना 'भाकड काळ'. पशुवैद्यक तो शब्द वापरतात.

कपड्यांपुरतं सांगायचं तर आपण नाशिककर ते वाळत घालतो, मुंबईचे सुकत घालतात. वाचक कुठला आहे ते बघून लिही, दोन्ही बरोबर. बोंबील मात्र सगळीकडे सुका. भाकरी कोरडी, आणि ती ओली करायला घेतात त्या रस्सेदार कालवणाचं नाव कोरड्यास! कोणा इंग्रजाला हे समजावून दाखव.

'कोरडा' जिथे शंभर टक्के बरोबर असतो त्या जागाही आहेतच. २०१६ च्या उन्हाळ्यात आपलं रामकुंड कोरडं पडलं होतं, त्याला दुसरा शब्द नाही. खोकला कोरडा, घसा कोरडा, चौकशी कोरडी. मराठीत 'कोरडा' माणसाला लागला की जिव्हाळा नाही असा अर्थ होतो. मुलाखतीत तू नेमकी इथे अडखळलीस.

त्या बाईंच्या 'ड्राय ह्यूमर'ला तू 'कोरडा विनोद' म्हटलंस. मराठी वाचक म्हणेल, विनोद जमला नाही वाटतं. इंग्रजीत ती स्तुती आहे. विनोद पुरेपूर आहे, नाही ते फक्त हसू, सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं. 'रुक्ष' तर त्याहून वाईट, तो शब्द ड्राय पुस्तकासाठी आणि ड्राय व्याख्यानासाठी राखून ठेव, तिथे नसतो तो रस. पुण्याच्या पाट्या आठव, दुपारी एक ते चारची. त्या जशा गंभीरपणे लिहिलेल्या असतात तसं या बाई बोलतात. (पुणेकरांचं कौतुक एवढंच, पुन्हा मागू नकोस.) याला मराठीत एकच विशेषण शोधत बसलीस तर दिवस जाईल. 'मिश्कील' नाही चालणार, मिश्कील माणसाचे डोळे हसतात. विशेषण टाकून दे आणि क्रियापद धर, 'चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या'. पुढे दोन पानांनी 'ड्राय व्हॉइस' येतो तिथे एवढंही नको. त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेव, आधी फक्त 'त्या म्हणाल्या' लिही. वाक्यातच दम आहे.

कोश उलट्या बाजूनेही वाचत जा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, तो इंटरनेटवर फुकट आहे. त्यात 'ड्राय' शोधायचा नाही. कोरडा, सुका, वाळका, आटणे, तुरट असे आपले शब्द काढून त्यांच्यापुढे काय दिलंय ते वाचायचं. इंग्रजीकडून येताना न दिसलेले शब्द या वाटेने सापडतात.

पंपाची पुस्तिका आधी दुरुस्त कर, ती छापायला लवकर जायची आहे. इशाऱ्याच्या ओळी एखाद्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला मोठ्याने वाचून दाखव. तो मध्येच थांबवून 'म्हणजे काय?' म्हणाला तर ती ओळ पुन्हा लिही. मुलाखत सावकाश कर, तिला घाई नाही.

तुझा,
काका