हॉटेलात गॅस इंजिनाच्या उष्णतेवर एसी चालवणे परवडेल का?

पुण्यातील आपल्या १५० खोल्यांच्या हॉटेलात २०० किलोवॅटचे गॅस इंजिन बसवून त्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर एसी चालवावा का, असे आपण विचारले आहे. एका रुग्णालयात मी अशी यंत्रणा बरीच वर्षे सांभाळली. त्यावरून माझे मत असे की यंत्रणा जरूर बसवावी, मात्र उष्णतेवर पहिला हक्क गरम पाण्याचा ठेवावा.

इतक्या क्षमतेचे इंजिन जितकी वीज देते, जवळजवळ तितकीच उष्णता त्याच्याकडून मिळवता येते. त्यातली साधारण निम्मी धुरात असते आणि निम्मी जॅकेट वॉटरमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती फिरणाऱ्या पाण्यात, जे ९० अंशांच्या आसपास बाहेर पडते. हे पाणी व्हॅमला, म्हणजे लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणावर, विजेऐवजी उष्णतेने चालणाऱ्या चिलरला (एसीचे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) दिले, तर १०० किलोवॅट उष्णतेतून सुमारे ७० किलोवॅट, म्हणजे २० टन थंडावा मिळतो. विजेवरचा चांगला चिलर एवढे काम १२ ते १४ किलोवॅटमध्ये करतो. उलट तीच उष्णता न्हाणीघरांच्या पाण्याला दिली, तर बॉयलरमध्ये १०० किलोवॅटहून अधिक इंधन वाचते. हा फरक विक्रेते सहसा सांगत नाहीत.

खोलीमागे दररोज १५० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायचे म्हटले, तर सगळ्या हॉटेलाला सुमारे ९०० युनिट उष्णता लागते, म्हणजे जॅकेट वॉटरची नऊ तासांची मिळकत. पाण्याची मागणी मात्र सकाळच्या दोन-तीन तासांत एकवटते, म्हणून इन्सुलेशन केलेली मोठी टाकी हवीच. ती रात्री भरून ठेवावी. लाँड्रीचे पाणीही यावरच घ्यावे. दुपारी, जेव्हा एसीचा लोड चढतो, तेव्हा उरलेली उष्णता व्हॅमला द्यावी.

व्हॅमची देखभाल नाजूक असते. आत पारा जेमतेम सहा मिलिमीटर चढेल इतकाच दाब असतो, म्हणून पाणी चार अंशांनाच उकळते. किंचित हवा शिरली तरी थंडावा घटतो. यंत्र बंद करताना पंप काही वेळ चालू ठेवून आतले दाट द्रावण पातळ करावे लागते, नाहीतर थंड होताना ते गोठते. एकदा रात्री वीज गेली आणि द्रावण पातळ होण्याआधीच पंप थांबले. सकाळी हीट एक्स्चेंजरमध्ये मीठ गोठल्यासारखे स्फटिक झालेले होते, आणि ते विरघळवण्यासाठी आम्ही अर्धा दिवस पाइप शेकत बसलो. त्या पंपांना डिझेल जनरेटरचा आधार देण्याचे कुणालाच सुचले नव्हते. आपण तो आराखड्यातच घालून घ्यावा.

शिवाय व्हॅमला त्याच थंडाव्यासाठी विजेवरच्या चिलरच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागते. कूलिंग टॉवर त्या मानाने मोठा लागतो आणि पाणीही अधिक उडते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या इमारतीने हा खर्च आधीच धरावा. निविदा काढण्यापूर्वी गरम पाण्याच्या मुख्य पाइपवर मीटर बसवून आठवडाभर तासागणिक नोंद घ्या. इंजिन किती मोठे हवे, ते त्या आकड्यांवरूनच ठरवता येईल.