वाचक विचारतात : मागचा बार जाड केला तर ट्रेलर सरळ चालेल का?

प्रश्न : आमची सात सीटर एसयूव्ही आहे, मागे कॉइल स्प्रिंग आणि अखंड अॅक्सल. मालवणहून फायबरची होडी ट्रेलरवर घालून देवगडला, कधी रत्नागिरीपर्यंत नेतो. होडी, इंजिन, ट्रेलर सगळं मिळून ६०० किलोच्या आसपास. महामार्गावर ६० च्या पुढे गेलं की ट्रेलर शेपटी मारायला लागतो, आणि वळणावर गाडी कुशीवर झोपते. मेस्त्री म्हणतात, मागचा १९ मिलिमीटरचा स्टॅबिलायझर बार (दोन्ही चाकांना जोडणारा, गाडीचा कल रोखणारा आडवा दांडा) काढून २२ चा टाका, दोन्ही दुखणी जातील. टाकू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : टाका, पण शेवटी. वळणावरचं झोपणं थांबवणं हे बारचं काम आहे. शेपटी मारणं हे मुख्यतः वजनाच्या मांडणीचं. मेस्त्रींनी दोन रोगांना एकच गोळी दिली आहे.

गाडी डावीकडे वळली की अंग उजवीकडे कलतं. अशा वेळी बारचा एक हात वर आणि दुसरा खाली जातो, मधला दांडा पिळला जातो आणि हा पीळच गाडीला परत सरळ ओढतो. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर बार नुसता फिरतो, काहीच करत नाही. शेपटी मारणाऱ्या ट्रेलरचं वेगळं असतं. तो गाडीच्या हुकाच्या गोळ्याभोवती (ज्यावर ट्रेलर अडकवतात) डावी-उजवीकडे झुलतो आणि गाडीचं ढुंगण आडवं ढकलतो. जाड बारने हा धक्का बसल्यावर गाडी कमी कलते, त्यामुळे स्टिअरिंगवर बसलेल्याला बरं वाटतं. झुलणं मात्र सुरू व्हायचं ते होतंच, फक्त उशिरा कळतं. आम्हाला यातलाच धोका जास्त वाटतो.

म्हणून आधी गोळ्यावर किती भार पडतो ते मोजा. होडी प्रवासाला निघते तशी भरा: इंजिन, पेट्रोलची टाकी, जाळी, बर्फाची पेटी, सगळं. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना अडण लावा. घरचा वजनकाटा ट्रेलरच्या तोंडाखाली (गोळ्यावर बसणाऱ्या टोकाखाली) ठेवून त्यावर लाकडी ठोकळा उभा करा; ठोकळ्याची उंची इतकी, की तोंड गाडीच्या गोळ्याच्या उंचीवरच राहील. पुढचं छोटं चाक वर उचललेलं हवं, नाहीतर आकडा खोटा येतो. तुमच्या ६०० किलोला काट्यावर ६० किलोच्या आसपास दिसले पाहिजेत, म्हणजे दहा टक्के. हुकाच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

होडीच्या ट्रेलरला हा भार कमी पडतो, कारण इंजिन अगदी मागच्या फळीवर लटकलेलं असतं आणि रिकामी जागाही मागेच सापडते, म्हणून पेटीही तिथेच जाते. हिशेब करून पाहा. अॅक्सलपासून गोळ्यापर्यंत ३ मीटर अंतर आहे आणि काट्यावर ६० किलो आहेत असं धरा. बर्फ भरलेली ४० किलोची पेटी पुढून उचलून २ मीटर मागे ठेवली, की ४० गुणिले २ भागिले ३, म्हणजे जवळजवळ २७ किलो गोळ्यावरून उतरले. उरले ३३. ट्रेलरचं एकूण वजन तेवढंच आहे, तरी आता तो शेपटी मारणार. उपायही असाच स्वस्त आहे: पेटी आणि टाकी पुढे घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर विंचचा (होडी ओढायच्या चरखीचा) खांब सैल करून होडी पुढे ओढा. इंजिनासकट ४२० किलोची होडी १० सेंटिमीटर पुढे सरकली तर गोळ्यावर १४ किलो वाढतात.

त्यानंतर टायर. मागच्या टायरच्या भिंती मऊ असतील तर वरचा बार कितीही जाड असो, गाडी टायरवरच लचकते. दाराच्या खांबावरच्या पट्टीत पूर्ण भारासाठी जी हवा लिहिली आहे तीच मागे भरा, सकाळी, टायर थंड असताना. ट्रेलरच्या टायरची हवा त्याच्या भिंतीवर छापलेली असते. ती ओलांडू नका. ट्रेलर जमिनीला समांतर किंवा नाकाकडे किंचित झुकलेला हवा. नाक वर असेल तर गोळा ज्या पट्टीवर बसतो ती खाली घ्या.

एवढं करूनही परशुराम घाटासारख्या वळणांवर गाडी कलत असेल, तर बार बदलण्यात अर्थ आहे. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ वरून २२ म्हणजे दिसायला ३ मिलिमीटर, पण बार जवळजवळ ८० टक्के ताठ होतो. कलणं मात्र ८० टक्क्यांनी कमी होत नाही, कारण त्यात स्प्रिंगांचा आणि पुढच्या बारचाही वाटा असतो. २५ चा बार मिळतो म्हणून तो घेऊ नका. तो १९ च्या जवळजवळ तिप्पट ताठ असतो, आणि मूळ कंस (बार धरणारे आधार) व लिंक (बारची टोकं जोडणारे छोटे रॉड) तेवढ्या ओढीसाठी बनवलेल्या नसतात.

बसवताना गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना अडण, मागे चेसिसखाली दोन घोड्या (आधाराचे स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. लिंक रॉडचा नट सोडवताना आतला खुंट सोबत फिरतो. त्याच्या टोकाला अॅलन कीची खाच असते, ती धरून नट पान्याने सोडवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे हे नट हमखास गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग डी-क्लँपचे (बार धरून ठेवणाऱ्या डी आकाराच्या पट्ट्यांचे) चार बोल्ट काढून बार बाजूला घ्या. नवीन बारसोबत २२ च्याच भोकाचे बुश (क्लँपमध्ये बारभोवती बसणाऱ्या गाद्या) हवेत. १९ चा बुश ताणून बसवला तर तो लवकर फाटतो. पॉलियुरेथेनच्या बुशला आतून सिलिकॉन ग्रीस लावा. रबरी बुशला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

क्लँप आधी हातानेच घट्ट करा. दोन्ही बाजूंनी बार किती बाहेर आला ते टेपने मोजून मध्यावर आणा, मग लिंक जोडा, आणि शेवटचं घट्ट करणं गाडी चाकांवर उतरवल्यावर. कंपनीचा आकडा मिळत नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम १० बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, एम १२ ला ८० ते ८५. नायलॉकचा नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा निघाला की टाकून द्या, नवा घ्या.

बारच्या टोकांना दोन-तीन भोकं असतील तर पहिल्यांदा सगळ्यात टोकाचं वापरा. दांड्याच्या वळणाजवळचं भोक म्हणजे आखूड हात, म्हणजे जास्त ताठ. दोन्ही बाजूंना एकच भोक हवं. शेवटी एका चाकाखाली जॅक लावून अॅक्सलची ती बाजू पूर्ण वर न्या, मग पूर्ण खाली सोडा. या दोन्ही टोकांना बार सायलेन्सर, ब्रेकचा होज, डिझेलची टाकी आणि स्टेपनीला लागत नाही ना ते बॅटरीच्या उजेडात बघा. बोटभर जागा राहिलीच पाहिजे. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

आता पावसाळ्याचं. मागचा बार ताठ केला की वळणावर मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो आणि मागची पकड पुढच्यापेक्षा आधी सुटते. पहिल्या पावसात रस्त्यावर तांबडी माती उतरलेली असताना हे फार लवकर कळतं. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर आतलं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरतं, विशेषतः शेवाळलेल्या बंदराच्या उतारावर होडी वर ओढताना. जून ते सप्टेंबर बार टोकाच्या भोकातच राहू द्या. स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या गाडीत आमचा सल्ला मूळ मापापासून ३ मिलिमीटरच्या पलीकडे न जाण्याचा आहे; ती यंत्रणा मूळ बार धरून जुळवलेली असते.

प्रश्न : तयार बार महाग पडतो. आमच्याकडचे वेल्डिंगवाले सळई तापवून वाकवून देतो म्हणतात, टोकाला पट्ट्या वेल्ड करून. चालेल?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. गंमत अशी, की पहिल्या दिवशी साध्या सळईचा बार तयार बारइतकाच ताठ वाटेल, कारण ताठपणा जाडीवर आणि आकारावर ठरतो आणि सगळ्या पोलादांचा लवचीकपणा जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो ताण सोसण्यात. स्प्रिंगचं पोलाद पीळ सोसून जागेवर येतं. साधी सळई एका मोठ्या खड्ड्यात कायमची पिळली जाते आणि मग गाडी सपाट रस्त्यावरही एका बाजूला कललेली दिसते. वेल्ड केलेल्या ठिकाणी तर पाणी दिलेल्या (तापवून, थंड करून कडक केलेल्या) पोलादाचाही कस जातो आणि तडा वेल्डच्या शेजारूनच सुरू होतो. बार तुटून खाली लोंबकळला तर ब्रेकचा होज ओढू शकतो. पैसे वाचवायचेच असतील तर जुन्याच बारला नवे बुश आणि नव्या लिंक घाला. जुन्या गाडीत कलणं झिजलेल्या बुश-लिंकमुळेही वाढलेलं असू शकतं.

प्रश्न : आमची कमानपाट्यांची पिकअप आहे. हापूसच्या दिवसांत हौद्यात पेट्या आणि मागे छोटा ट्रेलर. मागे बार दिसतच नाही. नवा बसवून घ्यावा का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : कमानपाटे स्वतःच बऱ्यापैकी कल रोखतात, म्हणून अशा गाडीला बारचा फायदा कमी होतो. आधी यू-बोल्ट (पाटा चाकांच्या दांड्याला आवळणारे) ढिले आहेत का ते बघा. पाटा आणि अॅक्सल यांच्या सांध्यावर चकचकीत घासलेली रेघ दिसली तर अॅक्सल पाट्यावर सरकतोय, आणि मागची चाकंच स्टिअरिंग करतायत. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश संपलेले असतील तर तेही असंच वागतं. हौद्यात पेट्या पाचव्या थरापर्यंत रचण्यापेक्षा खालचे थर भरून उरलेल्या ट्रेलरमध्ये न्या, आणि ट्रेलरमध्ये अॅक्सलच्या थोड्या पुढे. चेसिसला भोकं पाडून बार बसवणं आम्ही सुचवणार नाही.

ट्रेलरचं स्वतःचं नोंदणीपत्र आहे ना, हेही पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याचा क्रमांक त्याच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे लागतो.

प्रश्न : उतारावर ट्रेलर झुलायला लागला तर नेमकं काय करायचं? कोणी म्हणतं ब्रेक, कोणी म्हणतं रेस.
– एक वाचक, खेड

उत्तर : दोन्ही नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, झुलण्याच्या उलट फिरवू नका. तुमचा हात नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोचतो आणि झुला वाढवतो. गाडीचा ब्रेक दाबला तर मागचा ट्रेलर पुढे ढकलतो आणि मोडून आडवा येऊ शकतो. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर फक्त तोच हलका लावा. घाट उतरताना वरच गिअर खाली घ्या, म्हणजे वेळच येणार नाही. थांबल्यावर गोळ्यावरचा भार मोजल्याशिवाय पुढे निघू नका.

प्रश्न : नवीन बार टाकून तीन आठवडे झाले. खड्ड्यात टक् असा आवाज येतो, आणि सकाळी गाडी काढली की कुरकुर.
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : कुरकुर म्हणजे पॉलियुरेथेनचा बुश सुका पडलाय, क्लँप उघडून सिलिकॉन ग्रीस भरा. टक् आवाज बहुधा लिंकचा. गाडी चाकांवर उभी असताना लिंक हाताने हलवा, जरासा खेळ लागला तरी नट सैल आहे किंवा तिचा सांधा गेलाय. नट घट्ट असून आवाज राहिला तर क्लँप ज्या कंसावर बसतो त्याच्या वेल्डभोवती बघा. गंजाच्या रंगाची केसाएवढी रेघ दिसली तर ती चीर आहे. गाडी तशी चालवू नका.

होडी पाण्यात उतरवायला ट्रेलर उलटा समुद्रात घालत असाल, तर बार, क्लँप आणि लिंक त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. ट्रेलरच्या हबला (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाला) आधी थंड होऊ द्या, अर्धा तास तरी. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. बेअरिंगचं ग्रीस दुधासारखं पांढरट झालेलं दिसलं तर पाणी शिरलंय. ते सगळं काढून बेअरिंग धुवा, खड्डे पडलेत का बघा आणि नवं भरा.