तक्त्यातले हिरवे-लाल आणि सभागृहातलं 'होय'

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी तीन गोष्टी एका दमात विचारल्यात, आधी त्या सुट्या करतो. न्यू जर्सीतल्या मावसभावाने त्यांना तिथल्या प्रतिनिधीचं पान दाखवलं. कुठल्या विधेयकाला होय, कुठल्याला नाही, सगळं तारीखवार. आपल्या आमदार-खासदारांचं तसं कुठे मिळतं, हा पहिला प्रश्न. दुसरा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्याचा. सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा आमदारांची नावं आणि पुढे संघटनांवर बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला देणाऱ्या जनसुरक्षा विधेयकावरचं 'मत', हिरव्या नाहीतर लाल चौकोनात. हा तक्ता खरा का? आणि तिसरा, बाहेर एक बोलायचं नि सभागृहात दुसरंच करायचं, हे पकडायचं कसं?

तक्त्यापासून सुरू करतो, कारण तो सरळ खोटा आहे.

मी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका पेढीवर तीस वर्षं हिशेब लिहिले. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद नसेल तर खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, रक्कम येत नाही, हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी कळायचं. इथे रोजकीर्दच कोरी आहे. जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी म्हणजे आवाजी. कुणाचं नाव पुकारलं नाही, कुणाचं बटण नाही, डोकी मोजली नाहीत. उघड विरोध नोंदवला तो माकपचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. बाकी विरोधकांपैकी काहींनी भाषणात शंका काढल्या, पण मतविभाजन झालं नाही. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. नंतर तेच पक्ष त्याच कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, तो भाग वेगळा.

मग तक्त्यातले रंग आले कुठून? मोजून बघा. पाच हिरवे, सहा लाल. २०२४ च्या निकालात आपल्या जिल्ह्यात भाजपचे पाच निवडून आले: शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट आणि पंढरपूर. उरलेल्या सहांत शरद पवार गटाचे चार, ठाकरे गटाचा बार्शीचा एक आणि शेकापचा सांगोल्याचा एक. तक्ता करणाऱ्याने पक्ष बघून रंग भरले आणि वर 'मतदान' असं लिहून मोकळा झाला. तो ज्यांनी पाठवला त्यांना एवढंच विचारा, की त्या दिवशी पोल मागितला कुणी?

हा 'पोल' शब्द लक्षात ठेवा. विधिमंडळाच्या बोलीत मतविभाजन मागणं म्हणजे पोल मागणं. तो मागितला आणि अध्यक्षांनी दिला, तरच नावानिशी नोंद होते. नाहीतर कामकाजाच्या वृत्तान्तात एकच कोरडं वाक्य उरतं: प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला.

हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. कोविडच्या आधी एका हिवाळी अधिवेशनात मी नागपूरला प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. पास एका आमदारांच्या पीएकडून मिळालेला, मोबाईल खाली जमा. दुपारची वेळ, खाली बाकं बरीचशी रिकामी. अध्यक्षांच्या जागी तालिकेवरचे सभापती आसनावर. मंत्री उठले, विधेयक विचारात घ्यावं म्हणाले. एक सदस्य दोन-तीन मिनिटं बोलले. मग आसनावरून खंड एक, खंड दोन, खंड तीन असं भराभर पुकारणं सुरू झालं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. समोरून चार-पाच जणांचं 'होय' आलं, त्यातलं एक तर फाईलीतून मान वर न काढता. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. पंख्याचा आवाज. होयचे बहुमत. माझ्या शेजारी मंगळवेढ्याकडचे एक आजोबा होते, त्यांनी कोपराने ढोसून विचारलं, "झालं का काय?" झालं होतं. पूर्ण राज्याला लागू होणारा कायदा, आणि आमच्या अकरांपैकी त्या वेळी आत कोण होतं, हे वरून मलाही मोजता आलं नाही.

विधेयकच कशाला, सरकारचा जीवसुद्धा असाच ठरलाय. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीसांच्या पहिल्या सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. काँग्रेस आणि शिवसेनेने पोलसाठी गदारोळ केला, पण तोवर अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ठराव संमत झाल्याचं जाहीर करून टाकलं होतं. पोल मागायचा तो त्या क्षणी, घोषणा झाल्यावर नाही.

उलट टोक म्हणजे ४ जुलै २०२२. शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव, शिरगणती, एकेकाने उभं राहायचं आणि मोजून घ्यायचं. १६४ विरुद्ध ९९. हे सगळं थेट प्रक्षेपणात दिसलं. 'काय झाडी, काय डोंगार' वाले आपले सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील तेव्हा कुठल्या बाजूला उभे होते, ते शोधायला कुणाला विधिमंडळाच्या ग्रंथालयात जावं लागलं नाही. तेव्हा राज्याच्या पातळीवर नावानिशी मतदान शोधायचं असेल, तर अशा विश्वासमताच्या आणि अध्यक्ष निवडीच्या दिवसांकडे बघा. बाकी वर्षभर बहुतेक 'होयचे बहुमत'च.

लोकसभेत स्थिती थोडी बरी. घटनादुरुस्ती असली की अनुच्छेद ३६८ मुळे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश, दोन्ही लागतात, म्हणजे मोजणं आलंच. महिला आरक्षणाला २० सप्टेंबर २०२३ ला ४५४ विरुद्ध २ अशी मतं पडली, आणि ती दोन मतं ओवेसी आणि इम्तियाज जलील यांची, हे म्हणून आपल्याला माहीत आहे. साध्या विधेयकावर विरोधकांनी हट्ट धरला तरच मोजणी होते. वक्फ दुरुस्ती विधेयकावर तशी झाली, २ एप्रिल २०२५ ची चर्चा मध्यरात्र उलटून गेली आणि २८८ विरुद्ध २३२ असा निकाल लागला. या दोन्ही दिवसांच्या वादवृत्तात, म्हणजे चर्चेच्या शब्दशः अहवालात, होय आणि नाही अशा नावांच्या याद्या छापलेल्या आहेत. संसदेच्या संकेतस्थळावर तारीख टाकून वादवृत्त उघडायचं आणि शेवटाकडे जायचं. आपल्या जिल्ह्याला खासदार तीन लागतात, हे विसरू नका: सोलापूर, माढा, आणि बार्शीकरांसाठी धाराशिव. बार्शीचा माणूस सोलापूरच्या खासदाराचं नाव शोधत बसला तर आयुष्यभर चुकीच्या माणसाला शिव्या घालेल.

पण थांबा, यादीत नाव सापडलं म्हणून माणूस सापडला असं नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व धोक्यात. त्यामुळे त्या यादीतून तुम्हाला पक्ष काय म्हणाला ते कळतं. तुमच्या माणसाला काय वाटत होतं, ते नाही. न्यू जर्सीच्या भावाला हे समजावून सांगा. तिकडे स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊन माणूस घरी जेवायला जातो, इकडे अपात्रतेची नोटीस हातात पडू शकते. दोन्हीकडच्या 'होय'चं वजन सारखं नाही.

म्हणून माझं म्हणणं: मत शोधत बसू नका, प्रश्न शोधा. पाच वर्षांत आमदार स्वतःच्या मनाने, पक्षाला न विचारता काय करतो, हे प्रश्नांत दिसतं. तारांकित (तोंडी उत्तराचा प्रश्न), अतारांकित (लेखी उत्तराचा), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणं), औचित्याचा मुद्दा (महत्त्वाची बाब सभागृहाच्या नजरेस आणणं), अर्धा तास चर्चा, कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणं), अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं). यातलं कुठलंही काम व्हिप काढून करून घेतलं जात नाही.

सोलापूरच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. आपल्याला रोज छळणाऱ्या गोष्टींवर सभागृहात मतदान होतच नाही. उजनी धरण उशाशी असून नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, यावर विधेयक कुठलं येणार? विडी कामगारांची मजुरी, यंत्रमागाचं वीजबिल, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं जमीन संपादन, कशावरच 'होय' की 'नाही' असा प्रसंग येत नाही. विमानसेवा बघा. विमानांना अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पडली, गोव्याचं विमान उडायला ९ जून २०२५ उजाडलं. मधल्या दोन वर्षांत कोणी कुठल्या सभागृहात किती वेळा तगादा लावला, हे प्रश्नांच्या याद्यांतच सापडेल. फीत कापतानाच्या फोटोत सगळेच असतात.

आता प्रश्न वाचायचा कसा, कारण इथेही मेख आहे. विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. शोध लावून नाव सापडेल या भरवशावर राहू नका, मी कंट्रोल-एफ दाबून थकलो आणि शेवटी पानं डोळ्यांखालून घातली. साचा ठरलेला. वर सदस्यांची नावं, खाली सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, मग (१) हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) बाब तपासण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

मेख पहिली, नावांची. एकेका प्रश्नावर आठ-दहा जणांची नावं असतात, आणि त्यात कोकणातला सदस्य सोलापूरच्या ड्रेनेजबद्दल विचारताना दिसतो. चूक नाही त्यात, पण 'आमच्या साहेबांनी अधिवेशनात शंभर प्रश्न विचारले' असं पत्रक आलं की शंभरात स्वतःच्या मतदारसंघाचे किती आणि यादीत पहिलं नाव किती ठिकाणी, एवढं मोजा. मी एका अधिवेशनापुरतं वहीत मोजलं. कुणाचं ते सांगत नाही, पण पत्रकातला आकडा निम्म्याच्याही खाली आला.

दुसरी मेख पाठपुराव्याची, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. 'बाब तपासण्यात येत आहे' हे उत्तर घेऊन जो गप्प बसला, त्याने प्रश्न फक्त पत्रकासाठी विचारला. जो पुढच्या अधिवेशनात तेच धरून लक्षवेधी लावतो आणि मंत्र्याकडून तारीख वदवून घेतो, त्याने काम केलं. सभागृहात मंत्र्याने शब्द दिला की तो अशा शब्दांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे जातो. लोकसभेत तर आश्वासन तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं, आणि मुदतवाढ मागितली की तीही नोंदवली जाते. गणपतराव देशमुख, आपले आबासाहेब, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले ते काय मतविभाजनाच्या याद्यांत नाव यायचं म्हणून? माणदेशाच्या पाण्याचं तेच गाऱ्हाणं सरकार कुणाचंही असो त्यांनी मांडत ठेवलं. बहुतेक सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर, आणि तरी.

खासदारांचं काम त्या मानाने सोपं. पीआरएस नावाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयकं एका पानावर असतात. तुमच्या मावसभावाच्या पानाच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे हेच. मंत्री हजेरी नोंदवत नाहीत, तेव्हा मंत्र्याच्या नावापुढे हजेरी दिसली नाही म्हणून ओरडू नका. आणि हजेरी म्हणजे नुसती नोंद. नोंद करून माणूस कॅन्टीनला गेला तरी ती पूर्ण दिवसाचीच.

तिसरा प्रश्न, बोलणं आणि करणं. थोडक्यात सांगतो. आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोरचं भाषण आणि सभागृहातलं भाषण, दोन्ही एकाच विषयावरची शेजारी ठेवा. मराठा आरक्षणाचं विधेयक २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात एकमताने मंजूर झालं, दहा टक्के. मग गावोगाव भांडण कशाचं? ते ओबीसीतून की स्वतंत्र, यावर. ते त्या 'एकमता'त कुठेच दिसत नाही. तिथे तुम्हाला प्रत्येकाचं आधीचं-नंतरचं बोलणं, दिलेली पत्रं आणि विचारलेले प्रश्नच बघावे लागतील. वाहिन्यांना दिलेल्या बाईटवर जाऊ नका. बाईट कुठल्या गावात दिला त्यावर बदलतो.

आमदार निधीचं विचारलं नाहीत, तरी जाता जाता. वर्षाला पाच कोटी, आणि कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकारात मागता येते. मी मागितली होती. महिनाभराने आली, झेरॉक्स इतकी फिकट की सभामंडप आणि हायमास्ट दिवे एवढेच दोन शब्द वाचता आले. तेही पुष्कळ झालं म्हणा.

भाऊ, सुरुवात एका अधिवेशनाच्या एका यादीने करा, सगळ्या पाच वर्षांवर झडप घालू नका. तुमच्या मतदारसंघाचं नाव दिसेल तिथे पेन्सिलने खूण. कुठे अडलात तर इथेच लिहा, बघून सांगतो. उद्या संध्याकाळी मात्र नको, आमच्या पेठेत पाणी यायचा दिवस आहे.