टाइल्सच्या धंद्याला पिकअप घ्यायची तर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि एचपी किती पाहिजे?

दादा, प्रश्न दोनदा वाचला तुमचा. कांदिवलीला टाइल्सचं दुकान, माल भिवंडीच्या गोडाऊनवरून आणायचा आणि साइटवर पोचवायचा, महिन्यातून एकदा चिपळूणला गावी जायचं, डावा गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक पाहिजे, आणि कोणीतरी बोललंय की 75 एचपीत काय होतंय, 200 एचपीवाली घ्या, डबल माल ओढेल. माझं भांडुपला गॅरेज आहे, 22 वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी टेम्पो-पिकअपच्या खाली आडवं पडून क्लच बदलण्यात गेली, तर मला जे माहितीय ते सगळं सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे ते 200 एचपीचं डोक्यातून काढा. गाडीत माल किती भरायचा हे इंजिन ठरवत नाही, ते चेसिस, मागचे पाटे, मागची हाउसिंग आणि टायर ठरवतात. बोलेरो पिकअपला 2.5 लिटरचं डिझेल इंजिन आहे, 75 एचपी, टॉर्क (फिरवायचा जोर, पुढे सांगतो) 200 न्यूटन मीटरच्या आसपास, आणि तिचं 1.7 टनवालं मॉडेल खरंच तेवढा माल घेऊन रोज फिरतं. टोयोटा हायलक्स 2.8 लिटर, 204 एचपी, गाडी एक नंबर, पण ती पाच माणसांची डबल केबिन आहे, मागचा हौदा आखूड, आणि कागदावर जो माल भरायला परवानगी आहे तो त्या बोलेरोच्या निम्म्याच्या आतच येतो. दोन बाय दोनच्या टाइल्सचा चार नगांचा बॉक्स 25-30 किलोचा असतो हे तुम्हाला मी काय सांगणार, पन्नास बॉक्स म्हणजे झाले 1300-1400 किलो. आता बघा कुठली गाडी तुमची. आणि हायलक्स रस्त्यावर येईपर्यंत तीस लाखांच्या वर जाते, ते वेगळंच.

मग एचपी जास्त असून होतं काय? एचपी म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनचे आरपीएम. टॉर्क म्हणजे पीळ, किती जोराने फिरवतोय ते, आणि एचपीमध्ये किती भरभर फिरवतोय तेपण धरलेलं असतं. साधा हिशेब आहे, न्यूटन मीटरला आरपीएमने गुणायचं आणि 7000 ने भागायचं, एचपी येतो. हायलक्सच्या मॅन्युअलला 420 न्यूटन मीटर टॉर्क 3400 आरपीएमपर्यंत मिळतो, 420 गुणिले 3400 भागिले 7000, बरोबर 204. म्हणजे हा मोठा आकडा वरच्या आरपीएमचा आहे, हायवेला ओव्हरटेक मारताना किंवा भरलेल्या गाडीने घाट 60 च्या स्पीडने चढताना कामाला येतो. तुमची गाडी घोडबंदर रोडला फर्स्ट-सेकंडमध्ये सरकत असते तेव्हा इंजिन जेमतेम दीड हजारावर असतं, तिथे ते 204 नसतातच, तिथे खालचा टॉर्क आणि गियर काम करतो.

गियर कसं काम करतो ते आमच्या भाषेत सांगतो. व्हील नट जाम झाला की आपण पान्यावर पाइप चढवून लांब करतो ना, हात तोच, जोर तोच, पण नट सुटतो. फर्स्ट गियर म्हणजे तो पाइप. समजा फर्स्टचा रेशो 4 आणि मागे क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गियरच्या जोडीचा, 4, तर 200 चा टॉर्क चाकाशी पोचेपर्यंत सोळा पट होतो, 3200. बदल्यात चाक सोळा पट हळू फिरतं. माल वाहायच्या गाड्यांचे गियर असेच मोठ्या रेशोचे ठेवलेले असतात म्हणून 75 एचपीची गाडी दीड टन घेऊन चढणीवर उभ्यानी उठते, आणि म्हणूनच ती 80 च्या पुढे ओरडायला लागते. तो बिघाड नाही, गाडी बनवलीच आहे तशी.

आता मॅन्युअल की ऑटोमॅटिक. आपल्याकडे सगळे सरसकट बोलतात की ऑटोमॅटिकला जोर नसतो, लोडला चालत नाही. हे चुकीचं आहे आणि मला याची खरंच चीड येते कारण लोक हे ऐकून गाड्या घेतात. परत हायलक्सच बघा, इंजिन तेच, एचपी दोन्हीत 204, पण मॅन्युअलला टॉर्क 420 आणि ऑटोमॅटिकला 500. अमेरिकेत तर याहून मोठा फरक होता, तिथल्या रॅम पिकअपच्या 6.7 लिटर कमिन्स डिझेलला 2018 साली मॅन्युअलबरोबर 660 पाउंड-फूट आणि मोठ्या ऑटोमॅटिकबरोबर 930 पाउंड-फूट टॉर्क द्यायचे, म्हणजे साधारण 895 आणि 1260 न्यूटन मीटर, आणि त्यानंतर मॅन्युअल बंदच करून टाकली. सगळीकडे असंच असतं असं नाही, इसुझू व्ही-क्रॉसच्या 1.9 लिटरला दोन्हीत 360 च आहे. पण जिथे फरक ठेवलाय तिथे मॅन्युअलला कमी का देतात? कारण मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधे एक कोरडी क्लच प्लेट असते आणि तिच्यावर कोणाचा पाय पडेल याचा भरवसा नाही. क्लच धाडकन सोडला की तो झटका प्लेट, गियर, जॉइंट, क्राउन सगळ्यांना बसतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात जोर तेलातून पुढे जातो, आणि गियर बदलताना कंप्युटर स्वतःच इंजिनचा जोर क्षणभर कमी करतो, म्हणून कंपनी पूर्ण टॉर्क बिनधास्त सोडते.

मागच्या पावसाळ्यात एक पिकअप टो होऊन आली होती, टेंभीपाड्याच्या चढणीवर रेतीच्या गोण्या घेऊन अडकलेली. पुढे रिक्षा आडवी, मागे बाइकवाले, ड्रायव्हर नवा पोरगा, त्याने हँडब्रेक न लावता पाच-सात मिनिटं हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली. गियरबॉक्स उतरवला तर प्लेटचं लायनिंग रिव्हेटपर्यंत खाल्लेलं, रिव्हेटच्या डोक्यांनी प्रेशर प्लेटवर गोल चरे पाडलेले, आणि फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग, कढई जास्त तापली की पडतात ना तसे. तो वास दोन दिवस हाताचा गेला नाही माझ्या. त्याच जागी चांगली टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक असती तर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबला की उठली असती, कारण कन्व्हर्टर उठताना स्वतःच टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो आणि घासायला तिथे प्लेटच नसते. त्याचा पण त्रास असतो, सगळी उष्णता तेलात जाते, लोड घेऊन ट्रॅफिकमध्ये रोज चालली तर ते तेल वेळेवर बदलावंच लागतं, आणि एकदा व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या प्रेशरने गियर बदलणारा भाग, बिघडली की कोपऱ्यावरचा मिस्त्री काही करू शकत नाही, स्कॅनर लागतो आणि मोठं बिल येतं. मॅन्युअलचा क्लच सेट मी सकाळी घेतला तर दुपारनंतर गाडी परत लोडवर जाते. धंद्याच्या गाडीला हे फार मोठं आहे, एक दिवस गाडी उभी म्हणजे एक साइट बोंबलली.

आणि एक, ऑटोमॅटिक नाव ऐकून एएमटी गळ्यात मारून घेऊ नका. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, क्लच प्लेट तीच, फक्त क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम मशीन करतं. चढणीवर भरलेली गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवलीत तर ती प्लेटपण तशीच जळते.

चिपळूणचं सांगतो. कशेडीला आता बोगदा झालाय पण खेडचा भोस्ते घाट आणि चिपळूणच्या आधीचा परशुराम घाट आहेच. तिथे उतरताना गाडी सेकंड-थर्डमध्ये ठेवायची, इंजिनने अडवायची, न्यूट्रल तर कधीच मारायचा नाही, नुसत्या ब्रेकवर लोडची गाडी उतरवली की लायनर तापून ब्रेक लागायचाच बंद होतो. ऑटोमॅटिक असेल तर डीमध्ये सोडून देऊ नका, मॅन्युअल मोडला घेऊन खालचा गियर स्वतः टाका. बरेच जण तो मोड गाडी विकेपर्यंत वापरत नाहीत.

आता तुमचं. एक-दीड टनाच्या ज्या मालवाहू पिकअप आपल्याकडे धंद्यात चालतात, बोलेरो, इन्ट्रा, दोस्त, योद्धा, त्या डिझेलमध्ये मॅन्युअलच बघायला मिळतील. गाडीवर ड्रायव्हर ठेवणार असाल तर डोळे झाकून 1.7 टनवाली मॅन्युअल घ्या, 75-80 एचपी भरपूर झाले, क्लचचे पैसे ड्रायव्हर बघून वाचतात. पण स्वतः चालवणार असाल तर गुडघ्याशी खेळू नका, भिवंडीहून कांदिवलीपर्यंत ट्रॅफिकमध्ये क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो, माझ्याकडे येणारे जुने ड्रायव्हर पन्नाशीत डावा पाय ओढत चालतात, मी रोज बघतो. तुम्ही टाटा एस ईव्हीचं एक टनवालं मॉडेल चालवून बघा. इलेक्ट्रिक आहे, क्लच नाही, गियर बदलायचे नाहीत, पॉवर 27 किलोवॅट म्हणजे 36-37 एचपीच, पण 130 न्यूटन मीटर टॉर्क पहिल्या सेकंदापासून मिळतो म्हणून उठताना दम लागत नाही. पन्नास बॉक्स एकदम नाही जाणार, तीस-बत्तीसच्या दोन खेपा कराव्या लागतील. चिपळूणला मात्र ती नेऊ नका, कंपनीच 161 किलोमीटरची रेंज सांगते आणि तुमचं गाव अडीचशेच्या आसपास, त्या एका ट्रिपला भाड्याची गाडी करा, तरीपण परवडेल.

कुठलीही बघा, ट्रायल रिकामी घेऊ नका. शोरूमवाल्याला आधी सांगून ठेवा, दुकानातले वीस-पंचवीस बॉक्स टाका, एखाद्या फ्लायओव्हरच्या चढावर बाजूला जागा बघून गाडी पूर्ण थांबवा आणि तिथून हँडब्रेकवर उठवा, तीन वेळा. मागे किती सरकते आणि क्लचचा वास येतो का ते बघा. आणि गुडघ्याचं काय वाटलं ते घरी गेल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.