ट्यूब अँपवर साउंडस्टेजला खोली येत नाही. ६एसएन७ बदलू की फीडबॅक कमी करू?

साउंडस्टेज म्हणजे ऐकताना समोर उभं राहणारं गायक-वादकांचं चित्र, आणि त्याची खोली म्हणजे त्यात कोण पुढे, कोण मागे हे जाणवणं. तुमचा हॉल १२ बाय १४ फूट, स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना भिंतीला टेकलेले, आणि विचारताय काय, तर अँपमधला ६एसएन७ (एक छोटी ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह) काढून जुना कुठला घेऊ. घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

अगदी याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या मेहुण्याचं गेली कित्येक वर्षं वाजतंय. तो ठाण्यात राहतो. ईएल३४ व्हॉल्व्हच्या जोड्यांचा (पुशपुल) अँप, स्पीकर उत्तम, पण ठेवलेत शोकेसला खेटून, मागे जेमतेम वीतभर जागा. गायक, तबला, तानपुरे सगळे एका रांगेत, ग्रुप फोटोला उभे केल्यासारखे. यावर साहेबांचा इलाज एकच, व्हॉल्व्ह. लॅमिंग्टन रोडवरच्या कुणीतरी ‘जुना माल आहे, स्टेज उघडेल’ म्हणत एक जोडी त्याच्या गळ्यात मारली. तेवढ्या पैशात रेकॉर्ड प्लेअरचं बरं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आलं असतं.

भाऊबीजेला गेलो होतो. फराळ आटोपल्यावर वहिनींना विचारून दिवाण सरकवला आणि दोन्ही स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढले. टीव्हीच्या काचेवर गोधडी टाकली. बसायच्या जागेपासून दोन्ही स्पीकरचं अंतर टेपने मोजून सारखं केलं, तोंडं जराशी आत वळवली आणि तीच विलंबित ख्यालाची रेकॉर्ड पुन्हा लावली. तानपुरे मागे गेले. तबला गायकाच्या बाजूला, पण अर्धं पाऊल मागे. तान संपल्यावर सभागृहातली आस (मागे रेंगाळणारा नाद) शोकेसच्याही पलीकडे विरत गेली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “आवाज आज लांबून का येतोय?” मेहुणा म्हणाला, “आता व्हॉल्व्ह तापले ना!”

मग मीही हट्टाला पेटलो. अँप बंद केला, गार होऊ दिला, अँपसोबत आलेले साधे चिनी व्हॉल्व्ह परत बसवले. आवाजातली खोली जिथल्या तिथे. त्यावर याचं उत्तर, “जुन्या व्हॉल्व्हनी अँप मोकळा झालाय.” बोला आता.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकर भिंतीपासून वीतभरावर असला तर मागून परतलेला आवाज दीडेक मिलिसेकंदात येऊन मूळ आवाजातच कालवला जातो. मीटरभर पुढे ओढलात की परतीची वाट २ मीटर, म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद. तेवढ्या उसंतीत रेकॉर्डिंगमधली बारीक आस कानाला वेगळी काढता येते, आणि खोली म्हणजे मुख्यतः ती आसच. म्हणून हमसुद्धा बघा. रेकॉर्ड न लावता स्पीकरमधून १०० हर्ट्झची घरघर येत असेल, तर ती सगळ्यात हळू आवाज आधी गिळते. पॉवर सप्लायचे जुने कपॅसिटर तपासून घ्या. स्वतः अँपची पेटी उघडू नका, आत ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

व्हॉल्व्हने फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही. ६एसएन७ म्हातारा होऊन सुरसुरत असेल, किंवा पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण्ण वाजत असेल, तर जरूर बदला. पण नुसत्या नावासाठी नको. फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा अंश दुरुस्तीसाठी परत आत देणं) कमी केला की आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा आतला रोध) वाढतो, बास ढिला होतो आणि कित्येक स्पीकरवर गळा पुढे येतो. लोक त्यालाच खोली म्हणतात, म्हणू देत. त्यापेक्षा अँपमागचे ४ आणि ८ ओहमचे दोन्ही टॅप (स्पीकरच्या तारा जोडायच्या जागा) आळीपाळीने लावून बघा, फुकट आहे. फक्त तारा बदलताना अँप बंद ठेवा.

एक राहिलं. कोपऱ्यात ठेवण्यासाठीच बनवलेले हॉर्न स्पीकर असतील तर वरचं ओढाओढीचं सगळं विसरा. साध्या स्पीकरचाही बास भिंत सोडल्यावर थोडा उतरतो, तेव्हा बोटबोटभर मागेपुढे करत बघावं लागेल. आणि हे पारखायला मोनो रेकॉर्ड (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारी) लावू नका. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, आणि आपल्याकडच्या कित्येक शास्त्रीय रेकॉर्डी त्यानंतरही मोनोच निघत होत्या. मेहुणा हल्ली पाहुण्यांना व्हॉल्व्हची करामत दाखवतो ती नेमकी मोनो रेकॉर्डवर.