पहिल्याच ट्रेकला मित्रांच्या मागे पडण्याची भीती वाटते, काय तयारी करू?

तुम्ही लिहिलंय की मित्रमंडळी डोंगर चढायला सरावलेली आहेत, तुम्ही पहिल्यांदाच जाताय, हातात तीन आठवडे आहेत आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल अशी धास्ती वाटते. तयारीचं सांगतेच, पण आधी या धास्तीबद्दल बोलू. पहिल्या ट्रेकला नवख्या माणसाचे हाल होतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चालीने चालायला गेल्यामुळे.

शेवटचा माणूस पोचला की गट पोचला, त्याआधी नाही. म्हणून चाल ठरवायची ती सगळ्यात सावकाश चालणाऱ्यावरून. प्रत्यक्षात काय होतं ते डोंगरात कुठेही बघायला मिळेल. पुढचे चार जण झपाझप वर जातात, सपाटी आली की बसतात, पाणी पितात, घाम सुकवतात. बऱ्याच वेळाने मागचा एकटा धापा टाकत येतो. त्याचा एक हात सॅकच्या पट्ट्यातून निघतो न निघतो तोच पुढचे उठतात : "आलास ना? चला." विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे, नेमकी त्यालाच ती मिळत नाही. असं दोन-तीनदा झालं की तो पार गळून जातो आणि मग सगळे त्याच्या स्टॅमिनाबद्दल बोलतात. मला याचा खरंच राग येतो, कारण त्याला दमवलेलं असतं गटाने.

त्यामुळे निघायच्या आधीच मित्रांशी मोकळेपणाने बोलून घ्या. शेवटचा माणूस टेकला की मग थांब्याची दहा मिनिटं मोजायची. तुम्ही वाट दाखवणाऱ्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर चालायचं, म्हणजे पुढच्याला तुमचा श्वास ऐकू येतो आणि त्याची चाल आपोआप आवरते. सगळ्यात शेवटी एक जाणता गडी, आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. एवढं ऐकून घ्यायची ज्यांची तयारी नसेल, त्यांच्याबरोबर पहिला ट्रेक करू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

चालताना स्वतःची गती ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणं. सलग एक-दोन वाक्यं बोलता आली तर चाल बरोबर. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर जास्त. पहिल्या वीस मिनिटांत छातीचा भाता होतो तेव्हा घाबरून जाऊ नका. बसल्या जागेवरून एकदम चढाला लागल्यावर हृदयाला आणि फुप्फुसांना लय पकडायला वेळ लागतो. तेवढा वेळ मुद्दाम रेंगाळत चाला. खडा चढ आला की पावलं लहान करा. फारच खडा असेल तर मागचा पाय गुडघ्यात पूर्ण सरळ करायचा, सगळं वजन त्याच्यावर सोडायचं, पुढचा पाय वर नुसता टेकवलेला आणि सैल. असा क्षणभर थांबा, मग वजन पुढे घ्या. सरळ पायावरचा भार हाडं पेलतात आणि मांडीच्या स्नायूंना तेवढीच उसंत मिळते. दिसायला हे फार संथ दिसतं, पण अशा चालीने माणूस तासन् तास चढू शकतो.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरतात : दर 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे येऊन-जाऊन 10 किलोमीटरची वाट आणि 900 मीटरचा चढ असेल तर साडेतीन तास. पण हा आकडा सरावलेल्या पायांचा आहे आणि त्यात थांबे धरलेले नाहीत. तुमच्यासारखे नवखे बरोबर असतील तर दीडपट धरा, त्यात खाणं-पिणं आणि फोटो मिळवा. सहा तास कुठेच गेले नाहीत. मित्र म्हणाले "तीन तासांत होऊन जाईल", तर हे गणित त्यांच्यासमोर मांडा. आणि परत फिरायची वेळ पायथ्याशीच ठरवून ठेवा. ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरायचं. वर गेल्यावर, सगळे उत्साहात असताना हा निर्णय घेणं फार अवघड जातं, म्हणून तो खालीच घेऊन टाकायचा.

हे तीन आठवडे बहुतेक जण चढायच्या सरावात घालवतात. मी म्हणेन, उतरायचा सराव करा. चढताना दम लागतो, तो थांबलं की भरून येतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू लांबला जात असतानाच शरीराचं वजन झेलत असतो, आणि त्याच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते ती या प्रकारच्या कामाने. परतीच्या वाटेवर पाय लटलटायला लागतात ते यामुळे, आणि पाय घसरतो तोही याच वेळी. चांगली गोष्ट अशी की एकदा हा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाने बराच कमी दुखतो. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा जिने चढा आणि लिफ्टने खाली न येता सावकाश, पाय न आपटता उतरा. शेवटच्या आठवड्यात नेणार असाल तेवढं वजन पाठीवर घ्या. निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस मात्र पायांना आराम द्या.

डोंगर उतरताना गुडघे किंचित वाकलेले ठेवा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, घाबरून अंग मागे टाकण्याची इच्छा होते. तसं केलं की वजन टाचेवर जातं आणि पाय निसटतो. वजन पावलांच्या बरोबर वर ठेवा आणि दोघांत अंतर राखा, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागणार नाही.

बुटांचं म्हणाल तर नवे कोरे बूट घालून जाऊ नका, सरावाला तेच वापरा. नखं कापा. उतार लागायच्या आधी घोट्याजवळची लेस घट्ट करा, नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठा बुटावर आदळत राहतो. टाचेला कुठे गरम, चुरचुरल्यासारखं लागलं तर त्याच क्षणी थांबा. अजून फोड आलेला नसतो. मोजा काढा, जागा कोरडी करा, त्यावर चिकटपट्टी सपाट लावा, मोज्याची चुणी काढा. पाच मिनिटांचं काम आहे. "बाकीचे थांबतील" म्हणून लाजेने तसंच चालत राहिलात तर तासाभरात फोड फुटेल आणि मग खरोखरच सगळ्यांना थांबावं लागेल.

सुती कपडे टाळा, ते घाम धरून ठेवतात आणि लवकर वाळत नाहीत. दर 1000 मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, वारा वेगळाच. त्यामुळे वर थांबल्यावर घालायला एक जादा कोरडा थर सॅकमध्ये हवा. पाणी तासाला अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर जास्त, आणि बरोबर काहीतरी खारट खा, कारण घामातून मीठही जातं. प्रत्येकाकडे स्वतःची टॉर्च हवी, मोबाइलची धरू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा, रेंज नसेल तिथे फोन फ्लाइट मोडवर टाका; नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते. एक शिट्टी गळ्यात असू द्या. मदतीसाठी मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर समजायचं की कुणीतरी ऐकलंय.

तुमचा डोंगर 2500 मीटरच्या वर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डोकेदुखी, मळमळ, भोवळ हे विरळ हवेचं दुखणं असू शकतं, चांगल्या तयारीच्या माणसालाही होतं, आणि ते अंगावर काढून आणखी वर जायचं नसतं. लक्षणं दिसली की लगेच सांगा. त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय.

परत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सगळ्यात जास्त ठणकतील, जिना उतरताना विशेष. ते अपेक्षितच आहे. हलकं चालत राहा, चार-पाच दिवसांत उतरेल. पण दुखणं स्नायूत नसून सांध्यात असेल, गुडघा सुजला असेल किंवा पाय टेकवतच नसेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.